उजव्या हाताची तर्जनी

घोटाईचाचांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला रेषाच उरलेल्या नाहीत, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका यंत्राने सांगितलं. तोवर त्यांची त्या बोटाबद्दल काही तक्रार नव्हती. त्या बोटाच्या जोरावर तर त्यांचा संसार उभा होता.

यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. हजच्या व्हिसासाठी उघडलेल्या कार्यालयात काचेच्या खिडकीमागे एक मुलगी बसलेली, खिडकीच्या अलीकडे ती पेटी, आणि पेटीच्या काचेखाली हिरवा उजेड. बोटं टेकवायची, ठसा उमटला की पेटी टुणकन वाजायची. चाचींचं काम चुटकीसरशी झालं. डावी चार बोटं, टुण. उजवी चार, टुण. दोन्ही अंगठे, टुण.

"झालं, काकू."

"एवढंच?" चाची म्हणाल्या. शाळेच्या गणवेशांना काजं करून करून त्यांची बोटं सुईने टोचलेली होती. आपलं काही पहिल्या फटक्यात पास होईल ही अपेक्षाच नव्हती त्यांना.

मग चाचांनी बोटं टेकवली, आणि पेटी मुकी झाली.

"काका, जरा दाबून ठेवा."

दाबली.

"एवढी नको. पुसून ठेवा, घाम असेल."

"घाम नाही."

"मग कोरडी पडली असतील. फुंकर मारा जरा."

"फुंकर मारायला काय चहा आहे का?" चाचा म्हणाले. मागच्या रांगेत हसू पिकलं. मुलगी हसली नाही. तिने तिच्या बाजूने ओल्या फडक्याचा तुकडा सरकवला. चाचांनी बोटं पुसली, फुंकली, चोळली, पुन्हा टेकवली. पडद्यावर दहा बोटांच्या जागी दहा पांढरे डाग आले, नुसते. जत्रेतल्या फोटोत कुणीतरी हलल्यावर जसा चेहरा येतो तसे.

"काका, काम काय करता तुम्ही?"

"फरशी घोटतो."

"म्हणजे?"

"तुझ्या पायाखाली बघ. ती फरशी वाईट घोटलीय. मी चांगली घोटतो."

मुलीने खरोखरच वाकून खाली पाहिलं, आणि त्यामुळे चाचांना ती एकदम बरी वाटायला लागली. पण नियम तिच्या हातात नव्हते. ठसे लागतात, उजव्या हाताचं पहिलं बोट तर लागतंच. खिडकी आणखी पस्तीस दिवस उघडी आहे. महिनाभर हाताला काम नको, तिने सांगितलं. सकाळ-संध्याकाळ तेल, दिवसा हातमोजे. कातडी परत येते. गवंडी, धोबी, सगळ्यांचं असंच होतं, आणि येतात मग त्यांच्या रेषा.

"महिनाभर काय करायचं मग?" चाचांनी विचारलं.

"काही नाही करायचं, काका."

ते काही न करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

चाचांचा धंदा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. दगडी फरशी बसवली की ती खडबडीत असते, एक तुकडा वर, एक खाली. मधला भाग यंत्राने घासतात. पण कोपरे, भिंतीच्या कडा आणि जिने, तिथे यंत्र जात नाही. तिथे माणूस गुडघ्यावर बसतो. घासायचे ठोकळे असतात, त्यांना बट्टी म्हणतात. सगळ्यात राकट बट्टीपासून सगळ्यात मऊ बट्टीपर्यंत सात नंबर, प्रत्येक नंबराला पाणी, आणि शेवटी चमक आणणारी पांढरी भुकटी. ही भुकटी कातडी खाते. चाचा सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर गुडघ्यावर बसले ते अजून पुरते उठलेच नव्हते, असं चाची म्हणायच्या. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस सभागृहाच्या पायरीशी ओणवा बसून सांधा बघत होता, आणि पाहुण्यांना वाटलं वधूपित्याला चक्कर आली.

सांधा बघायचा म्हणजे डोळ्याने नाही. पाणी निपटून काढायचं, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट एका फरशीवरून दुसरीवर हलकेच न्यायचं. मधली रेघ बोटाला कळली तर काम अपुरं. कळली नाही तर झालं. गावातले कंत्राटदार मोठमोठ्या इमारती दाखवायला त्यांना बोलवत आणि म्हणत, "चाचा, बोट फिरवा." चाचा बोट फिरवत. ते काय म्हणतात याकडे अभियंतेसुद्धा जीव मुठीत धरून बघत. जगात फार थोड्या माणसांना असं बोट असतं, हे चाचांना ठाऊक होतं. बोलून दाखवत नसत, पण ठाऊक होतं.

आणि त्याच बोटाला मक्केला जायचं होतं.

हे चाचींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पंधराएक वर्षांपूर्वी परदेशात काम करून आलेल्या एका मिस्त्रीने चाचांना सांगितलं होतं, की काब्याभोवतीची फरशी पांढरीशुभ्र आहे, आणि भर दुपारी डोक्यावर आग ओकत असताना लोक तिच्यावरून अनवाणी चालतात, तळव्याला गारवा लागतो. एवढा मोठा चौक, त्याच्यावरून वर्षाला लाखो पावलं, आणि सांधा म्हणून दिसत नाही. त्या दिवसापासून चाचांनी दूरचित्रवाणीवर काबा दिसला की खाली बघायला सुरुवात केली. इतर लोक हात उंचावून अश्रू पुसत आणि चाचा म्हणत, "जरा थांबा, पायाकडचं दाखवतायत." हजचे पैसे बाजूला पडायला त्यांना बारा वर्षं लागली. या बारा वर्षांत त्यांची नमाज चुकली नाही, रोजे चुकले नाहीत, दुआ मागताना डोळेही ओले व्हायचे. पण मनाच्या तळाशी एक पांढरी, गार फरशी पसरलेली होती, आणि तिच्यावर एक बोट.

तर महिना सुरू झाला. चाचींनी गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे हातमोजे शिवून दिले, गडद निळे. ते घालून चाचा गल्लीत उतरले आणि न्हाव्याने दुकानातूनच हाक मारली, "चाचा, यष्टिरक्षण कुठे करायचंय?"

"तुझ्या तोंडाचं," चाचा म्हणाले.

सकाळी उठून कामाला जायचं नाही, ही गोष्ट त्यांना आजारासारखी वाटली. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. ओट्याच्या दगडाकडे बघत. चाची म्हणत, "हात मागे." ते मागे घेत. मग खिडकीच्या चौकटीकडे, मग दुसऱ्या खिडकीकडे. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन जणांशी भांडण केलेलं असे, आणि चौथं चाचींशी, तेल जास्त लावलं म्हणून.

"मासळी आहे का मी? तळायला काढलीयस का?"

"मासळी गप्प असते," चाची म्हणाल्या.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर मशिदीशेजारच्या सभागृहात हजला जाणाऱ्यांचा वर्ग भरे. शिकवायला एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. दोनदा जाऊन आलेले, बारीक, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्याचंही चित्त जाग्यावर यावं. मास्तरांनी शीतकपाटाचं रिकामं खोकं उभं केलं होतं आणि त्यावर काळी चादर टाकली होती. सगळ्यांनी त्याच्याभोवती सात फेऱ्या मारायच्या, खोकं डाव्या हाताला ठेवून. पुरुष पुढे, बायका मागे. एक गृहस्थ दर वेळी सहाव्या फेरीला थांबत आणि सात झाल्या म्हणून हुज्जत घालत.

"हजमध्ये हुज्जत नाही," मास्तर म्हणाले. "एहराम बांधला की भांडण संपलं. शिवलेला कपडा संपला, अत्तर संपलं. नख कापायचं नाही, अंगावरची मुंगी मारायची नाही. एकेक करून सगळं काढून घेतात तुमच्याकडून. तुम्ही कोण आहात हे सांगणारं काही शिल्लक ठेवत नाहीत. दोन पांढऱ्या चादरी, त्या सगळ्यांच्या सारख्याच. तुम्ही म्हणायचं लब्बैक. मी हजर आहे. कोण हजर आहे, ते नाही सांगायचं. नुसतं, हजर."

"भांडण काढून घेतलं तर यांच्याकडे उरेल काय?" चाची मागून हळूच म्हणाल्या, आणि बायकांच्या रांगेत खसखस झाली.

"आणि अरफातच्या मैदानात," मास्तर पुढे म्हणाले, "दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत उभं राहायचं. तोच हज. तो चुकला तर बाकी सगळं करून उपयोग नाही."

"उभं राहून करायचं काय?" चाचांनी विचारलं.

"मागायचं. रडू आलं तर रडायचं."

"ते झालं. पण हाताने?"

"हाताने काही नाही. हात रिकामे."

चाचांना ते पटलं नाही. सहा तास हात रिकामे ठेवून उभं राहणं यात देवाला काय मिळत असेल, असा एक विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी घाईघाईने तौबा केली.

खरा घात सभागृहाने केला. तिथली फरशी चार महिन्यांपूर्वी बसवलेली, आणि बसवणाऱ्याने कोपरे तसेच सोडले होते. पहिल्या शुक्रवारी चाचा चटईवर बसले, चटईच्या कडेला हात टेकला आणि मोज्याच्या कापडातूनसुद्धा त्यांना सांधा टोचला. भाताच्या घासात खडा लागावा तसा. मास्तर साफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या फेऱ्या समजावत होते आणि चाचांचं सगळं लक्ष त्या सांध्यात अडकलं होतं. ते मनात म्हणाले, फक्त बघतो. मोजा काढला. बोट फिरवलं. बघून झालं, आणि बघून झाल्यावर तर राहवेचना.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चार नंबरची बट्टी होती. वर्ग सुटल्यावर चटया गोळा करतो म्हणून ते मागे राहिले. मग रोज दुपारी जायला लागले. एकच कोपरा, खोकं उभं राहतं तिथला. हात दोन हात जागा. मोजे घालून पाहिले, पण मोज्यातून दगड बोलत नाही. घरी सांगितलं, मशिदीत तस्बीची माळ ओढत बसतो, मन शांत होतं.

चाचींना इतका आनंद झाला की त्या रोज दुपारी त्यांना लिंबाचं सरबत करून ठेवायला लागल्या. ते सरबत चाचा चाचींकडे न बघता पिऊन टाकत. हजला निघालेला माणूस हजच्या नावाने खोटं बोलतोय. पण कोपरा पाच नंबरवर आला होता, आणि पाच नंबरवर काम सोडलं तर ते आधीपेक्षा वाईट दिसतं. सहावा झाला. सातवा झाला. भुकटी लावल्याशिवाय सातवा वाया, आणि कोपऱ्यात भुकटी त्या एका बोटानेच घासावी लागते. बाराव्या दिवशी त्या कोपऱ्यात खिडकी उलटी दिसायला लागली, तिच्या गजांसकट. चाचांनी डोळे मिटून बोट फिरवलं. काहीच कळलं नाही. ते काहीच न कळणं इतकं गोड होतं की ते बराच वेळ तसेच बसले.

पस्तिसाव्या दिवशी दोघं पुन्हा खिडकीपाशी गेले.

मुलीने ओळखलं. "या काका! दाखवा." डावी चार बोटं टेकवली, टुण. मुलगी फक्त टाळी वाजवायची राहिली. दोन्ही अंगठे, टुण. उजवी चार. पेटी गप्प. पडद्यावर तीन बोटांवर बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या, वाळूवरून वारा गेल्यासारख्या. चौथ्याच्या जागी पांढरा डाग.

तिने पेटी पुसली. तीन वेळा, चार वेळा, सहा वेळा. मग तिने काचेखालच्या फटीतून त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं आणि दिव्याखाली धरलं.

"काका, हे ताजं आहे."

चाचा फरशीकडे बघू लागले.

"नऊ बोटं आली ना?" ते म्हणाले. "मग नऊ बोटांचा माणूस म्हणून पाठवा. असतात की नऊ बोटांचे."

"ज्यांचं बोट नाही त्यांना सूट आहे, काका. तुमचं बोट आहे."

वरच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी कागद पाहिला, बोट पाहिलं, घड्याळ पाहिलं. "पुढच्या वर्षी या," ते म्हणाले. तिरस्काराने म्हणाले असते तर चाचांना बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले.

परतीच्या वाटेवर चाची दोन चौक पुढे पुढे चालत राहिल्या. तिसऱ्या चौकात म्हणाल्या, "तस्बीचे मणी फार खरखरीत होते वाटतं."

चाचांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती कुणावर पाखडावी ते कळत नव्हतं. मुलीवर नाही, साहेबांवर नाही. कोपऱ्यावर? आता तो कोपरा जगातल्या कुठल्याही फरशीच्या तोडीचा होता, आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली. सांत्वनाला रांग लागली, आणि सांत्वनाने चाचा जास्तच पेटले. शिंपी म्हणाला, बोलावणं आलं नाही, त्याची मर्जी. दूधवाला म्हणाला, निय्यत केलीत, पुण्य तेवढंच. न्हाव्याने तर वस्तरा थांबवून सांगितलं, "चाचा, काबा म्हणजे काय, शेवटी मनातच असतो. मनातल्या मनात फेऱ्या मारल्या तरी पोचतात."

"मग तू पण गिऱ्हाइकाची दाढी मनातल्या मनात करत जा," चाचा म्हणाले आणि अर्ध्या दाढीने उठून बाहेर आले.

सगळ्यांना हजचा अर्थ अचानक कळला होता. ज्याला जायचं नव्हतं त्याला तर जास्तच. चाचांना अर्थ नको होता. त्यांना जायचं होतं, या पायांनी, या घामाने, गर्दीत धक्के खात. मनाने जायचं असतं तर देवाने वाळवंटात घर कशाला सांगितलं असतं? मनातच सांगितलं असतं.

ते मास्तरांकडे गेले. का गेले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणीतरी रागवावं असं वाटत असावं. मास्तर सभागृहातच होते, खोक्यावरची चादर घडी करत.

"हा कोपरा कुणी केला ते मला ठाऊक आहे," मास्तर वर न बघता म्हणाले. "खुर्ची ठेवली तर घसरते त्याच्यावर."

"घसरणारच. फरशी आहे."

"एक विचारू का? रागावू नका. तिथल्या फरशीवर तुम्ही कपाळ टेकायला निघाला होतात, की बोट?"

चाचांना कुणीतरी भर बाजारात सदरा फाडल्यासारखं वाटलं. चाचींनी सांगितलं असणार. किंवा सांगायची गरजच पडली नसेल.

"कपाळ आणि बोट दोन्ही त्यानेच दिलंय," ते म्हणाले. "मी घरून नाही आणलं."

मास्तर चादर हातात धरून थांबले. "तेही खरं," ते म्हणाले, आणि केलेली घडी उलगडून पुन्हा घालायला लागले. गणित चुकलं तर पुसून टाकतात, पण हे चुकलंय की नाही तेच त्यांना कळत नसावं. शेवटी म्हणाले, "पण बोट काढून ठेवायला सांगितलं तेव्हा तुम्हाला फक्त महिनाभर काढून ठेवायचं होतं. ते नाही झालं."

चाचा घरी आले तेव्हा चाची जेवणाची ताटं वाढत होत्या. त्यांनी पोळी वाढली, भाजी वाढली, आणि बसता बसता म्हणाल्या, "वर्गातल्या आपांची बायकांची तुकडी जातेय. बारा जणी. पंचेचाळिशीच्या वरच्यांना पुरुष बरोबर नसला तरी चालतं आता. माझे कागद पूर्ण आहेत."

चाचांनी घास हातात धरला आणि पुढचं वाक्य ऐकायला थांबले. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. तुमच्याशिवाय मी कुठे जाणार हो. हे वाक्य ऐकलं की आपण म्हणायचं, अगं जा की. मग ती म्हणणार, नको, पुढच्या वर्षी दोघं जाऊ. मग तो घास खायचा.

चाची पाणी प्यायल्या.

"मग?" चाचा म्हणाले.

"मग काय? जाते म्हटलं."

"माझ्याशिवाय?"

"तुम्ही तस्बी घेऊन बसायचा तेव्हा माझ्याशिवायच बसायचा ना?"

"आता ते उगाळणार आहेस का?"

"नाही उगाळत. घोटणं तुमचं काम." मग त्यांचा आवाज उतरला. "अहो, मला जायचंय. मला कधी कुणी विचारलंच नाही, तुला जायचंय का म्हणून. तुम्ही निघालात म्हणून मी निघाले, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. पण त्या दिवशी पेटी तीनदा वाजली ना, तेव्हा मला कळलं की मला जायचंय. तुम्ही अडकलात तरी जायचंय."

चाचांना खूप काही बोलायचं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य हजला जाणाऱ्या बाईसमोर बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी घास गिळला. मीठ कमी होतं. तेही ते बोलले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी रागारागाने मदत केली. रागारागाने बॅग आणली, तिच्या चाकांना तेल दिलं, औषधांच्या पुड्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं. निघायच्या दिवशी दारात चाची म्हणाल्या, "माझं चुकलंमाकलं माफ करा."

"केलं."

"तुमच्यासाठी काय मागू तिथे?"

"काही नको मागू."

"बरं," चाची म्हणाल्या. त्या इतक्या पटकन बरं म्हणाल्या याचा चाचांना दिवसभर राग होता.

आठव्या दिवशी फोन आला. चाचींचा आवाज घोगरा झालेला, मागे समुद्रासारखी गर्दी. मदिना करून मक्केला पोचले, पहिल्या फेऱ्या झाल्या, आपांची चप्पल हरवली, सगळं एका दमात सांगितलं. चाचा ऐकत होते आणि जिभेच्या टोकावर एकच प्रश्न आलेला होता. विचारायचा नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"फरशी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"कसली फरशी?"

"अगं तिथली! पायाखालची! गार लागते म्हणतात. सांधे दिसतात का?"

"नाही हो बघितली," त्या म्हणाल्या.

"सात फेऱ्या मारल्यास ना?"

"मारल्या."

"मग कशावर मारल्यास? हवेत?"

"खरंच आठवत नाही," चाची म्हणाल्या, आणि त्या हसतायत की रडतायत ते चाचांना कळेना. "पायाखाली काय होतं ते मला खरंच नाही सांगता येणार." मग गर्दीचा आवाज वाढला आणि फोन तुटला.

चाचा खोलीत उभे होते. छत्तीस वर्षं घोटाईवाल्याशी संसार केलेली बाई, जगातल्या सगळ्यात चांगल्या फरशीवर सात वेळा चालते आणि तिला फरशी आठवत नाही! त्यांनी फोन गादीवर आपटला. उचलला, फुटला नाही ना बघितलं, आणि पुन्हा आपटला. खूप उशिराने, दुसऱ्या दिवशी कधीतरी चहा गाळताना, त्यांच्या लक्षात आलं की ती गेली होती. पुरती गेली होती. आणि आपण गेलो असतो तर खाली बघत राहिलो असतो, सातही फेऱ्या. हे लक्षात आल्याने त्यांना जराही बरं वाटलं नाही.

अरफातच्या दिवशी त्यांनी रोजा धरला. इथला चंद्र एक दिवस मागे होता, न्हावी म्हणाला उद्या धरा, पण चाचांनी तिकडच्या दिवसाने धरला. दुपारी ते गच्चीवर गेले. कुणाला सांगितलं नाही. सावलीची एक पट्टी होती, पाण्याच्या टाकीमागे, तिच्यात उभे राहिले, हात मोकळे सोडून.

पहिला तास नुसता वैतागात गेला. खाली कुणीतरी भांडी घासत होतं आणि चुकीचं घासत होतं. दुसऱ्या तासात त्यांच्या ध्यानात आलं की आपलं बोट टाकीच्या कठड्यावर फिरतंय. काढलं. थोड्या वेळाने पुन्हा फिरत होतं. त्यांनी हात मागे बांधले, तर ते तिथे अंगठ्यावर फिरायला लागलं, स्वतःच्याच नखाची धार बघायला. चाचांना रडू आलं, पण ते मास्तरांनी सांगितलेलं रडू नव्हतं, चिडीचं होतं. एवढंसं बोट, आणि ते आपलं ऐकत नाही. सावली सरकून निघून गेली, ऊन तोंडावर आलं, ते हलले नाहीत. पाय दुखायला लागले तेव्हा कळलं, की गुडघ्यांना बसायची सवय आहे, उभं राहायची नाही.

सूर्य बुडाला. अजान झाली. चाचा खाली येऊन घटाघटा पाणी प्याले, खजूर तोंडात टाकला, मगरीबची नमाज पढले. सलाम फेरून बसले तेव्हा त्यांना आठवलं, की इतका वेळ आपण बोट सांभाळण्यात घालवला आणि मागितलं काहीच नाही. एक शब्दही नाही. एवढ्या मोठ्या दरबारात गेलेला माणूस आपला हात धरून परत आला.

हे चाचींना सांगायला हवं होतं. ती हसली असती. काहीतरी टाकून बोलली असती, आणि त्या बोलण्याची त्यांना आत्ता फार गरज होती. त्यांनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी बोटांवर तास मोजले. तिकडे अजून ऊन होतं. तिकडे सूर्य मावळायला अडीच तास होते, आणि ती त्या मैदानात अजून उभी होती.

चाचांनी फोन गादीवर ठेवला. पाय भरून आले होते. ते जिना चढून पुन्हा गच्चीवर गेले.